ओटी, माजघर आणि सरांची पत्रे

मराठी शिकवणाऱ्या माणसाचे सर्व्हरच्या खोलीत काय काम, असा प्रश्न २००५ साली आम्हाला पुष्कळांनी विचारला. त्याचे उत्तर फारसे गौरवाचे नव्हते. रत्नागिरीतल्या आमच्या संस्थेची दोन महाविद्यालये. दोन्हींच्या ई-टपालासाठी मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज २००३ घेतले गेले, आणि त्यासोबत इंग्रजी माहितीपुस्तकाची छापील पानांची एक जाडजूड चळतही आली. संगणक विभागात नुकताच लागलेला मुलगा यंत्रांच्या बाबतीत हुशार होता, पण सलग दोन पाने वाचणे त्याच्या स्वभावात नव्हते. आम्हाला यंत्र कळत नव्हते, वाचता मात्र येत होते. प्राचार्यांनी दोघांची मिळून समिती नेमली. त्याने करायचे आणि आम्ही वाचून दाखवायचे. एका अर्थाने ते भाष्यकाराचेच काम होते, आणि आम्हाला ते मनापासून आवडले हे आता कबूल करायला हरकत नाही.

तोवर संस्थेचे टपाल कार्यालयातल्या ठरावीक यंत्रांवरच वाचता येई. लांज्याहून किंवा पावसहून येणारा प्राध्यापक शनिवारी दुपारी एसटीत बसला की सोमवारपर्यंत त्याला कोणी काय लिहिले ते कळत नसे. कोणत्याही यंत्रावरून, साध्या ब्राउझरमधून आपले टपाल वाचता यावे, ही मागणी होती. तिच्यासाठी दोन्ही महाविद्यालयांतले सर्व्हर थेट बाहेरच्या जगासमोर उभे करणे धोक्याचे. शिवाय दोन पत्ते, दोन दारे, म्हणजे लोकांचा गोंधळ. पुस्तकात यावर जो तोडगा होता त्याला फ्रंट-एंड आणि बॅक-एंड अशी नावे होती. पुढे एक सर्व्हर, मागे बाकीचे.

त्या मुलाला ही रचना समजावून सांगताना आम्ही कोकणातल्या घराचा दाखला दिला, आणि आजही त्याहून चांगला दाखला आम्हाला सुचत नाही. बाहेरून आलेला माणूस खळ्यातून ओटीवर येतो. ओटीवर त्याची विचारपूस होते, तो कोण, कुठला, हे पाहिले जाते, पाणी दिले जाते. पण ओटीवर घरातली वस्तू काही नसते. त्याला हवे ते माजघरात, कोठीच्या खोलीत असते. ओटीवरचा माणूस आत जाऊन विचारतो आणि बाहेर येऊन देतो. पाहुण्याने माजघर पाहिलेलेच नसते. पुढचा सर्व्हर असाच. त्याच्याजवळ एकही पत्र नसते. नाव आणि परवलीचा शब्द आला की तो निर्देशिकेत पाहतो, या माणसाची पेटी मागच्या कोणत्या सर्व्हरवर आहे ते शोधतो, मागणी तिकडे नेतो आणि उत्तर जसेच्या तसे बाहेर आणून ठेवतो. पत्रात काय आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसते. बाहेरच्यांना मात्र एकच पत्ता, एकच दार दिसते. मागे दोन घरे आहेत की वीस, याची त्यांना वार्ता नसते.

रत्नागिरीत बसून हे वाचताना थिबा राजाची आठवण होणे अपरिहार्य होते. १८८५ मध्ये मंडाले गेल्यावर ब्रह्मदेशाचा हा शेवटचा राजा १८८६ पासून १९१६ मध्ये मरेपर्यंत या गावात नजरकैदेत होता. सरकारकडे त्याने अर्जांवर अर्ज केले, आणि ते सगळे त्याच्यावर नेमलेल्या अधिकाऱ्याच्या हातून पुढे जात. त्याच्यापुरते जग म्हणजे तो एक अधिकारी. मुलाला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, ‘‘सर, पण आपला सर्व्हर पत्र वाचत नाही ना?’’ तेव्हा आम्ही हसून नाही म्हणालो. वाचत नाही हे खरे होते. वाचता येत नाही, असे मात्र पुस्तकात कुठेही लिहिलेले नव्हते, आणि हा फरक आमच्या ध्यानात यायला दोन वर्षे जावी लागली.

जुळणीच्या तपशिलात फार शिरत नाही. पावसाळा होता, भारनियमन होते, विजा चमकू लागल्या की मोडेमच्या तारा उपसून ठेवाव्या लागत. पण एक फजिती सांगितलीच पाहिजे, कारण ती सर्वस्वी आमची होती. पुढच्या दाराला कुलूप हवे, म्हणजे बाहेरून येणारी वाहतूक सांकेतिक करून घ्यायची आणि नाव विचारणारे पान तिथेच दाखवायचे, असे पुस्तकात होते. आम्हाला वाटले, बाहेर एक कुलूप असते तर आत दुसरे असणे अधिकच बरे. म्हणून मागच्या दोन्ही सर्व्हरांनाही आम्ही तीच अट घालायला लावली आणि नाव विचारणारे पान तिथेही सुरू करवले. परिणाम असा, की दोन दिवस कोणालाच आत जाता येईना. पुढचा सर्व्हर आत साध्या वाटेने, ऐंशी क्रमांकाच्या दारानेच जातो. त्या दाराला कुलूप घातल्यावर बिचारा माजघराच्या उंबऱ्यावर अडला. नाव विचारावे, परवलीचा शब्द घ्यावा, आणि पुन्हा तेच पान दाखवावे, असे चालले होते. घरच्याच माणसाला माजघराच्या दारात ‘‘आपण कोण?’’ विचारावे तसे. तिसऱ्या दिवशी आम्ही ते प्रकरण पुन्हा वाचले, तेव्हा ‘मागच्या सर्व्हरवर हे करू नये’ असे वाक्य तिथे ठसठशीत आढळले. भाष्यकाराने मूळ संहिता नीट वाचलेली नसणे ही आपल्या क्षेत्रातली जुनी गोष्ट आहे. असो.

या सोयीचा सर्वांत अधिक उपयोग ज्यांनी केला ते आमचे सर. त्यांनी आम्हाला बी. ए.ला शिकवले होते, पुढे आम्ही त्यांच्याच विभागात लागलो. निवृत्त झाल्यावरही महाविद्यालयाच्या वार्षिकाचे संपादन त्यांच्याकडे होते, म्हणून खातेही राहिले होते. त्यांची मुलगी अमेरिकेत. सत्तरीत पोचलेले सर रोज सकाळी टिळक आळीतून चालत कार्यालयात येत आणि लेखनिकाची खुर्ची मोकळी होण्याची वाट पाहत बसत. वेबमेल सुरू झाल्यावर ते मारुती मंदिराजवळच्या एका सायबर कॅफेत जाऊ लागले. ‘‘पूर्वी पत्र माझ्या घरी येई,’’ ते म्हणाले, ‘‘आता मी पत्राच्या घरी जातो. दार तेवढे तुम्ही जवळ आणून दिलेत.’’ यापेक्षा नेमकी व्याख्या त्या जाड पुस्तकात नव्हती. जुन्या पद्धतीत टपाल सर्व्हरवरून आपल्या यंत्रावर उतरून येई आणि बहुधा तिथून पुसले जाई. इथे ते कुठेच येत नाही. आपण फक्त खिडकीतून पाहतो.

सर आधी रोमन लिपीत लिहीत आणि त्याची त्यांना लाज वाटे. मग त्या मुलाने त्यांना युनिकोडमध्ये देवनागरी टंकायला शिकवले. तेव्हा एक नवीच भानगड उभी राहिली. मुलीच्या पत्रात ‘वाऱ्यावर’ हा शब्द ‘वार्यावर’ असा येई. रकाराने पुढच्या अक्षराच्या डोक्यावर उडी मारलेली. मराठीला हा डोळ्याच्या पापणीसारखा आडवा अर्धा र हवा असतो, आणि तो काढायचा तर एकतर ‘ऱ’ हे वेगळे अक्षर घ्यावे लागते, नाहीतर साध्या र आणि य यांच्यामध्ये हलन्ताशेजारी एक अदृश्य जोडचिन्ह ठेवावे लागते. दोन्ही वाटांनी डोळ्यांना दिसते तेच, पण यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. एक शोधला तर दुसरा सापडत नाही. सर मुलीची पत्रे छापून घेत आणि त्यांवर लाल शाईने ही दुरुस्ती करत. दुरुस्त केलेली प्रत परत पाठवण्याचा काही मार्ग नव्हता, तरी करत.

आता आमच्या पत्राविषयी. २००५ हे केशवसुतांच्या मृत्यूचे शताब्दी वर्ष. ७ नोव्हेंबर १९०५ रोजी ते हुबळीला प्लेगने गेले. जन्म मात्र आमच्या शेजारच्या मालगुंडचा. वार्षिकाचा अंक त्यांच्यावर निघाला आणि त्यात मराठीतल्या सुनीतावर आमचा एक दीर्घ लेख होता. अंक हातात आला तेव्हा त्या लेखातली चार पाने नव्हती. सरांनी ती न विचारता काढली होती. त्या रात्री, स्वतःच जुळवलेल्या सोयीचा लाभ घेऊन, आम्ही घरी बसून त्यांना एक पत्र लिहिले. त्यात संपादकाचे अधिकार, शिष्याचा मान, जुन्या पिढीची हुकूमशाही, असे सगळे होते. आणि शेवटी एक वाक्य असे होते की ते इथे पुन्हा लिहवत नाही. पेटीपर्यंत चालत जावे लागले असते तर माळनाक्यापर्यंत आमचा राग उतरला असता. पण चालायचे नव्हते. रात्री साडेअकराला पत्र गेले.

सरांनी उत्तर दिले नाही. भेटले की नेहमीसारखे बोलत. आम्हीही विषय काढला नाही. पुढे कधीतरी ती चार पाने काढून वाचली. ती खरोखरच वाईट होती. तेव्हा तसे सांगायला जायचे, असे ठरवले. नंतर जाऊ, म्हणून राहिले.

२००७ च्या ऑगस्टमध्ये, ऐन पावसात, सर गेले.

कार्यालयाची एक शिस्त होती. सेवेत नसलेल्या किंवा दिवंगत माणसाचे खाते काढून टाकायचे. एरवी महिनोन्महिने न होणारी ही गोष्ट यावेळी पाचव्याच दिवशी, १७ ऑगस्टला झाली. मुलगी आली होती. तेराव्यानंतर तिने आम्हाला बाजूला बोलावले. लहानपणापासून ती आम्हाला दादा म्हणते. ‘‘दादा, अण्णांनी मला लिहिलेलं सगळं माझ्याकडे आहे. मी त्यांना लिहिलेलं नाही. ते तिकडच्या ऑफिसच्या खात्यावरून होतं, नोकरी सोडली तेव्हा खातं गेलं. ते फक्त अण्णांकडे असेल. मिळेल का?’’

मिळण्याजोगे होते. खाते काढले म्हणजे निर्देशिकेतले नाव जाते. ओटीवर कोणी त्या नावाने आले तर ‘असे इथे कोणी नाही’ म्हणून त्याला परत लावतात. पण माजघरात पेटी तशीच पडून असते. तिला मालक नसतो, इतकेच. यादीत तिच्यावर तांबडी फुली दिसते. मूळच्या नेमणुकीप्रमाणे तीस दिवस ती अशी बेवारस राहते. तेवढ्यात तिला दुसरे नाव जोडले तर ती पुन्हा उघडते, नाहीतर रात्रीच्या झाडलोटीत सर्व्हर तिला पुसून टाकतो. तीस दिवस म्हणजे १६ सप्टेंबर. त्या वर्षी गणेश चतुर्थी १५ सप्टेंबरला होती. कोकणात गणपतीच्या दिवसांत कार्यालय उघडे सापडणे म्हणजे काय, हे इथल्या वाचकांना सांगायला नको.

अडचण तांत्रिक नव्हती. त्या पेटीत मुलीची पत्रे होती तशी इतरांचीही होती. विद्यार्थी सरांना पुष्कळ लिहीत, आणि अभ्यासापलीकडचेही लिहीत. परीक्षकांचे गोपनीय अहवाल असतील. दोन-तीन लेखकांची पत्रे नक्की असतील. आणि आमचे एक. पेटी कोणाची? साहित्याचा इतिहास शिकवताना हा प्रश्न आपण किती सहज ओलांडतो! राजवाडे गावोगावचे वाडे पालथे घालून, माळ्यावरची रुमाले सोडून कागद वाचत गेले आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड झाले, त्या पत्रांच्या लेखकांना कोणी विचारले नव्हते, आणि आपण राजवाड्यांचे ऋणी आहोत. जी. ए. कुलकर्णी १९८७ मध्ये गेले. माणसांपासून लांब राहणाऱ्या या लेखकाच्या पत्रांचे पुढे खंड निघाले, आणि आम्ही ते अधाशासारखे वाचले आहेत. वर्गात त्यांतले उतारेही दिले आहेत. कायदा याबाबत स्पष्ट आहे: कागद ज्याला पत्र मिळाले त्याचा, मजकुराचा हक्क ज्याने लिहिले त्याचा. म्हणजे मुलगी मागत होती ते तिचेच होते. तिच्यासाठी दार उघडायचे तर मात्र बाकी सगळ्यांच्या मजकुरासमोरून जावे लागणार होते.

आम्ही प्राचार्यांना लेखी विनंती केली. विनंती संस्थेकडे गेली, संस्थेने वकिलांचे मत मागवले. मुलगी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात परत गेली. १३ तारखेला दुपारी परवानगीचा कागद आला: फक्त मुलीने पाठवलेली पत्रे काढावीत, इतर काही उघडू नये, काम समितीने करावे. समिती म्हणजे आम्ही दोघे. मुलगा संध्याकाळच्या गाडीने गणपतीला गावी जाणार होता. त्याने एक कोरे खाते तयार करून त्याला ती पेटी जोडली, मुलीच्या नावाचे दुसरे खाते उघडले, पत्रे एकातून दुसऱ्यात कशी टाकायची ते दाखवले आणि तो गेला. पत्रे पाठवणाऱ्याच्या नावावरून आपोआप वेगळी काढील असे साधन आमच्यापाशी नव्हते. यादी नावांच्या क्रमाने लावायची आणि हाताने निवडायची, एवढेच.

त्या रात्री आम्ही एकटे सर्व्हरच्या खोलीत होतो. बाहेर पाऊस. पत्र न उघडता केवळ यादी पाहायची ठरवले तरी यादीतच केवढे वाचायला असते, याची आम्हाला कल्पना नव्हती. नाव, तारीख, विषयाची ओळ. एका विद्यार्थिनीची लागोपाठच्या चार दिवसांची चार पत्रे, चारही विषयांविना. एका नामवंत गृहस्थाचे ‘कृपया नष्ट करावे’. सहकाऱ्यांची नावे, ज्यांच्यापुढे विषय म्हणून आमचेच नाव होते. पुढच्या सर्व्हरला यातले काही दिसत नाही, कारण त्याला अर्थ कळत नाही. आम्हाला कळत होता. मुलीची पत्रे निघाली साडेतीनशेच्या आसपास. ती एकेक करून उचलताना त्यांच्या विषयांच्या ओळींत पुष्कळदा तोच मोडका रकार होता: ‘दुसर्या घरात’, ‘वार्याची गंमत’, ‘पायर्या’. आमचे पत्रही दिसले. ते वाचलेले होते. न वाचलेली पत्रे ठळक अक्षरांत दिसतात, हे ठळक नव्हते.

काम संपल्यावर बंद करण्याआधी मसुद्यांच्या कप्प्यावर हात गेला. मुलीचे अर्धवट राहिलेले काही असेल, अशी सबब मनाशी तयार होती, पण ती सबबच होती; परवानगी तिने ‘पाठवलेल्या’ पत्रांपुरती होती. मसुदा एकच होता. पत्ता आमचा. विषयाच्या जागी ‘चार पाने’. तारीख आमच्या पत्रानंतर पाच महिन्यांची.

आम्ही तो उघडला नाही. यात थोरवी शोधू नये. भीती वाटली. ते पत्र पाच महिने मनात ठेवून मग लिहायला घेतलेले, आणि लिहूनही न पाठवलेले होते. अशा पत्रात क्षमा असेल की दुसरे काही, हे सरांना जितके ओळखत होतो त्यावरून सांगता येत नव्हते.

मुलीने तिकडून, न्यू जर्सीतून, रत्नागिरीच्या त्याच दारातून आत येऊन आपली पत्रे वाचली. तिथून इथे पाठवलेली पत्रे तिथे बसून इथे वाचली. तिने लिहिले, दोन रात्री झोपले नाही. आम्ही तिला मसुद्याविषयी कळवले: न पाठवलेला कागद लिहिणाऱ्याचाच राहतो, म्हणजे आता तो तुझा आहे, काय करू? तिचे उत्तर तीन दिवसांनी आले. ‘‘अण्णांना पाठवायचं असतं तर त्यांनी पाठवलं असतं. पण फेकायचं असतं तर फेकलंही असतं. मला काही कळत नाही, दादा. तुम्ही वाचा किंवा वाचू नका, पण मला सांगू नका.’’

निर्णय असा आमच्याकडे परत आला, आणि आम्ही तो पुढे ढकलत राहिलो. नाव जोडल्यामुळे पेटीचे दिवस मोजणे थांबले होते, घाई नव्हती. दिवाळीनंतर कार्यालयाचे स्मरणपत्र आले की ते तात्पुरते खाते अजून कसे. नियम आमच्या समितीचाच होता. मुलाने खाते काढले आणि तांबडी फुली पुन्हा आली. त्यानंतरचे तीस दिवस आम्ही रोज सर्व्हरच्या खोलीवरून वर्गात गेलो आणि परत आलो. एकदा आतही गेलो, पंखा चालू आहे का ते पाहून बाहेर आलो. डिसेंबरात एका पहाटे झाडलोट झाली. सकाळी यादीत ती ओळ नव्हती.

पुढे ते सगळेच मोडीत निघाले. एक्स्चेंजच्या २००७ च्या आवृत्तीपासून पुढचा-मागचा ही विभागणी दुसऱ्या नावांनी आणि दुसऱ्या रीतीने होऊ लागली, २००३ च्या आवृत्तीला कंपनीने २०१४ मध्ये निरोप दिला, आणि आमच्या संस्थेचे टपाल आता कुठल्या देशातल्या माजघरात राहते ते आम्हाला ठाऊक नाही. तो मुलगा पुण्याला गेला. आता त्याला मुलगा म्हणणे बरोबर नाही.

सप्टेंबर २००७ अखेरची राखीव प्रत मात्र एका टेपवर घेतलेली होती. पेटी तेव्हा जोडलेली होती, म्हणजे तीत मसुदा असणार. खोली रिकामी करताना आम्ही ती टेप मागून घेतली. ती वाचणारे यंत्र त्याच दिवशी भंगारात गेले; त्याची चौकशी करावी असे आम्हाला तेव्हा सुचले होते, पण केली नाही. टेप घरी कपाटात, केशवसुत अंकाच्या गठ्ठ्याशेजारी आहे. दर पावसाळ्यात अंकांना बुरशी येते. टेप आम्ही दोन पिशव्यांत बांधून ठेवली आहे आणि मिरगाच्या आधी पिशव्या बदलतो.